परराज्यातून म्हैस आणताना: गोठापोच भाव, कागद आणि गाडी

हरियाणात म्हैस स्वस्त पडते, हे भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या कुठल्याही तबेल्यात ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण ती स्वस्ताई तिथल्या बाजारापुरतीच असते. गाडीभाडं, दलाली, वाटेत आटलेलं दूध आणि दगावलेलं पारडू हे सगळं धरलं की मुरबाड-शहापूरकडची साधी म्हैस कधी कधी तिकडच्या मुऱ्हा जातीच्या म्हशीपेक्षा स्वस्त ठरते. म्हणून बाजारात पाऊल टाकण्याआधी हिशेबाची पद्धत पक्की करा.

कांद्याचा भाव बाजार समितीच्या फलकावर लागतो, तसा म्हशीचा लागत नाही. प्रत्येक जनावराचा सौदा वेगळा. आजही बऱ्याच बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. तेव्हा तुलना करायची तर एकच माप कामाचं: रोजच्या लिटरमागे किती रुपये, आणि तेही गोठ्यात पोचल्यावर.

हिशेब असा मांडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. रक्कम त्या दिवसाची घाला, पद्धत तीच ठेवा.

समजा रोहतककडे मुऱ्हा १,२०,००० रुपयांना मिळाली आणि तिथे १४ लिटर दूध मोजून दिलं. बाजारातला भाव लिटरमागे ८,५७१ झाला. आता सहा म्हशींच्या गाडीचं ९०,००० रुपये भाडं, म्हणजे एकीला १५,०००. दलाली २,०००, तपासण्या आणि दाखला १,५००, वाटेतला चारा आणि माणूस २,५००, वाहतुकीचा विमा १,५००. वाटेतल्या जोखमीपोटी किमतीच्या ३ टक्के, म्हणजे ३,६००. एकूण १,४६,१००. हवा, पाणी, वैरण बदलल्यावर हीच म्हैस १२ लिटरवर स्थिरावेल असं धरा. गोठापोच भाव: लिटरमागे १२,१७५.

मेहसाण्याची म्हैस ९५,००० ला, दूध १० लिटर. बाजारात ९,५०० चा भाव. तिथून भिवंडी साधारण ६०० किलोमीटर, म्हणून गाडीचे ७,५०० आणि इतर खर्च ८,५५०. एकूण १,११,०५०. दूध ९ लिटरवर स्थिरावलं तर १२,३३९.

मुरबाडकडची म्हैस ८०,००० ला, ८ लिटरची. बाजारात लिटरमागे १०,०००, म्हणजे तिघींत सगळ्यात महाग. टेम्पो ३,०००, दलाली १,०००, डॉक्टर ८००. एकूण ८४,८००; दूध साडेसात लिटर; भाव ११,३०७.

बाजारात सगळ्यात महाग असलेली म्हैस गोठ्यात येईपर्यंत सगळ्यात स्वस्त ठरली. तरीही मुऱ्हा आणणारे वेडे नाहीत. शहरालगत जागा महाग असते. ८ लिटरची असो वा १२ लिटरची, म्हैस दावणीला जागा तेवढीच अडवते आणि गवळीही तेवढेच लागतात. जागेचं भाडं भरणाऱ्याला दावणीमागे जास्त दूध हवं असतं, त्याला दूरची म्हैस परवडते. स्वतःची जागा आणि स्वतःची पेंढ्याची गंजी असलेल्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याने तिच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा हिशेब वेताचा. वरची मुऱ्हा ३०० दिवस दुधात राहिली आणि सरासरी १२ च्या ६५ टक्के धरली, तर एका वेतात २,३४० लिटर दूध होतं. वेत संपल्यावर ती भाकड म्हणून ५०,००० ला गेली, तर ९६,१०० रुपये त्या दुधावर चढले: लिटरला ४१ रुपये, चारा-पेंड वेगळी. तिलाच वेळेत गाभण ठेवून दोन वेतं घेतली आणि शेवटी ४०,००० च आले, तरी हा बोजा लिटरला २३ च्या आत येतो. मधल्या चार-पाच भाकड महिन्यांचा चारा त्यात मिळवावा लागतो, पण तो शहरात नाही, गावी घालता येतो. दर वर्षी नवी गाडी उतरवणाऱ्यांपैकी अनेकांचा नफा इथेच जातो.

भाव कशाने हलतो

म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वितात. सप्टेंबर ते डिसेंबर ताज्या विलेल्या म्हशी भरपूर येतात, निवड करता येते. मार्चनंतर दूध कमी पडतं, दुधाचा दर चढतो आणि मागोमाग म्हशीही. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर मार्च २०२३ मध्ये लिटरला ८० वरून ८५ रुपये झाला. असा दर वाढला की विकणाऱ्याला फोनवर लगेच कळतं. दरवाढीनंतरच्या आठवड्यात खरेदीला जाऊ नका.

भाकड म्हशीचा भाव वेगळ्या दोरीने बांधलेला आहे. भारतातून म्हशीचं बिनहाडाचं गोठवलेलं मांस परदेशी जातं आणि त्यातला मोठा वाटा आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातून. तिकडची मागणी मंदावली की मोडीचा भाव खाली येतो. गाई-बैलांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे. बैल-वळूंचा समावेश करणाऱ्या १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. त्यामुळे गाईच्या हिशेबात शेवटच्या विक्रीचा आकडा शून्य धरा. म्हशीलाही तपासणीचा सरकारी दाखला असल्याशिवाय कत्तलीसाठी नेता येत नाही.

भाकड विकताना व्यापारी नजरेने वजन सांगतो. तुम्ही टेप लावा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर २०० आणि लांबी १४५ असेल तर ५३५ किलो. पाच-सात टक्के इकडेतिकडे होतं, पण ५३५ ची म्हैस ४५० ला जात नाही.

साथ आली की बाजारच बंद होतो. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार आणि ने-आण थांबवली गेली होती. लम्पी मुख्यतः गाईंना होतो, तरी अडकल्या म्हशीही. विसार देण्याआधी आपल्या आणि समोरच्या जिल्ह्यात असा काही आदेश आहे का, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

म्हैस पाहायची कशी

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, विऊन १५ ते ३० दिवस झालेली म्हैस घ्या. पहिलारू स्वस्त दिसते, पण तिचं खरं दूध आणि स्वभाव दोन्ही कळलेलं नसतं. चौथ्या वेतापुढे किंमत पाडूनच बोला.

वय दातांवरून. खालच्या जबड्यातली कायमच्या दातांची पहिली जोडी अडीच-तीन वर्षांच्या सुमारास येते, नंतर साधारण वर्षाला एक जोडी. चारही जोड्या आल्या, म्हणजे दात जुळले, की पाच-सहा वर्षांची. जुळलेले दात झिजून सपाट झाले आणि मधे फटी दिसू लागल्या तर म्हैस म्हातारी. शिंगाच्या वळ्या मोजून वय काढू नका. मुऱ्ह्याची शिंगं मुळात वेटोळी, त्यात कानस मारून तेल चोळलेलं असतं.

दूध मोजण्याचा नियम एकच: पहिली धार हिशेबात नाही. बाजारात आणण्याआधी एक वेळ दूध न काढता तुंबवून ठेवतात, कास टरारून दिसते. संध्याकाळी तुमच्यासमोर कास पूर्ण रिकामी करून घ्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळ आणि संध्याकाळच्या धारा मोजा, त्यांची बेरीज खरी. माप लिटरचं घेतलं तर फेस मोजला जातो, म्हणून बादली काट्यावर ठेवा; म्हशीचं दूध १.०३ किलो म्हणजे एक लिटर. रात्री म्हशीजवळ आपला माणूस झोपला पाहिजे.

धारेच्या आधीपासून तिथे उभे राहा. ‘जरा पाणी पाजून आणतो’ म्हणत म्हैस आडोशाला नेली आणि परत येताच तिने भराभर पान्हा सोडला, तर इंजेक्शनची शंका घ्या. मान आणि मांडीवर सुईच्या गाठी चाचपा. अशा म्हशीला सुईशिवाय धार नसते. पारड्यावर पान्हा घालते की आंबोणावर, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकावर, हेही विचारा. फक्त पारड्यावर घालणारी असेल आणि वाटेत पारडू मेलं, तर १४ लिटरची म्हैस आठवडाभर दोन लिटरवर येते.

पारडू तिचंच आहे का, हेही तपासायचं. महिन्याभराच्या पारड्याच्या जागी आठ दिवसांचं आणून ताजी विलेली म्हणून विकतात. पारडू सोडा, म्हैस त्याला हुंगून चाटते का, लाथ मारते का, ते दोन मिनिटांत दिसतं.

चारही सडांतून स्वतः पिळा. धार सारखी यायला हवी. एखादा सड मेलेला असेल, तर चौथा हिस्सा दूध कायमचं गेलं. कास धार काढल्यावर मऊ, सैल पडली पाहिजे. काढूनही दगडासारखी राहिली तर ती मांसल कास किंवा दगडी, म्हणजे कासदाह. दगडीसाठी सीएमटी चाचणी करा: वाटीत थोडं दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, हलवा. जेलीसारखं दाटलं तर त्या सडात दोष आहे. हे द्रावण पशुवैद्यकाकडे मिळतं आणि खिशात मावतं.

शेपटी उचलून पाहा. मायांग बाहेर येण्याची खोड असलेल्या म्हशीला तिथे टाके किंवा जुने व्रण दिसतात. बसलेली म्हैस उठवा, बसली तर परत उठवा. मागच्या पायांनी अडखळत उठणारी नको. तोंडातून लाळ, खुरांच्या बेचक्यात जखम असेल तर लाळ्या-खुरकूत समजून त्या दावणीकडे पाठ फिरवा, कारण शेजारच्या म्हशींनाही लागण झालेली असणार. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसांनाही होतो आणि धार काढणाऱ्याला सगळ्यात आधी.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथल्या पौष पौर्णिमेच्या यात्रेतला किंवा आठवडी बाजारातला सौदा असेल तर दोन वेळा धारा मोजणं जमत नाही. तिथे विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन मोजायची अट घालून थोडाच विसार द्या. जो नाही म्हणेल त्याची म्हैस राहू द्या.

कागद

जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला हवाच. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. ‘भारत पशुधन’ प्रणालीवर तो क्रमांक टाकून जात, वय आणि लसीकरण समोरच्या म्हशीशी जुळतं का ते पाहा. खरेदी पावतीवर हा क्रमांक, रंग, शिंगांची ठेवण, वेत, किंमत, दोघांची नावं-पत्ते आणि ‘दुधासाठी’ हे शब्द लिहून घ्या. बाजार समितीची पावती वेगळी घ्या.

वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो: जनावर प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य रोग नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर नाकारायचं असतं. याच नियमांत आजारी, आंधळं, लंगडं, नवजात, गेल्या ७२ तासांत व्यालेलं किंवा वाटेत विण्याची शक्यता असलेलं जनावर चढवायला मनाई आहे. म्हणजे ‘चार दिवसांत विणार, गाडीत घाला’ हा स्वस्त सौदा कायद्यातही बसत नाही आणि फायद्यातही.

लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस निघण्याच्या किमान २१ दिवस आधी दिलेली असावी. आदल्या दिवशी टोचली तर दाखल्यावर शिक्का बसतो, अंगात प्रतिकारशक्ती मात्र आलेली नसते.

जिवंत म्हशींवर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही. तरी पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, जनावरांची संख्या आणि चाऱ्याचं प्रमाण लिहिलेलं चलन गाडीत ठेवा. नियमांनाही तेच अपेक्षित आहे. गोठा नागरी हद्दीत असेल तर गुरं पाळणं आणि ने-आण यांसाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. तो तुमच्या हद्दीत लागू असेल तर परवाना आधी काढा, गाडी नंतर.

म्हशींच्या गाडीत एकही गाय घालू नका. हरियाणा आणि राजस्थानात गोवंश राज्याबाहेर नेण्यासाठी वेगळे कायदे आणि वेगळी परवानगी आहे. एका गाईपायी सगळी गाडी अडते, जनावरं जप्तीत जातात आणि दूध रस्त्यातच आटतं. सगळ्या कागदांचे तीन संच करा: एक चालकाकडे, एक सोबतच्या माणसाकडे, एक तुमच्या मोबाइलमध्ये.

गाडी

ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नाहीत, आणि प्रत्येकी किमान दोन चौरस मीटर जागा. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, हे बरेच जण विसरतात. १७ फूट लांब, ७ फूट रुंद हौद म्हणजे साधारण ११ चौरस मीटर: त्यात पाचच बसतात. सहासाठी १९ फुटी लागते, आणि पारड्यांची जागा वेगळी. ९ फुटी पिकअपमध्ये दोन. आठ-दहा म्हशी कोंबून भाडं वाचवतो म्हणणारा चालक तुमचा दंड आणि मोडलेले पाय वाचवत नाही.

२०१६ पासून जनावरांच्या गाडीत प्रत्येकासाठी कायमचे वेगळे कप्पे आणि आरटीओची तशी नोंद हवी. भाडं ठरवण्याआधी त्या नोंदीचा फोटो मागवा. त्या गाडीत दुसरा माल भरता येत नाही. तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या टाका आणि वर पेंढ्याचा जाड थर द्या. ओल्या पत्र्यावर म्हैस घसरली की उठत नाही. तोंडं इंजिनाकडे. दोर एवढाच सैल की तिला बसता यावं, पण पाय अडकू नये. पारडी म्हशींच्या पायांत नव्हे, वेगळ्या कप्प्यात.

चढवण्यासाठी फळीचा उतार किंवा मातीचा बांध हवा. निघण्याआधी चारा-पाणी द्या, पण पेंडेचा भरपेट मारा नको, पोट फुगतं. रोहतकहून भिवंडी साधारण १,४०० किलोमीटर. दर सहा तासांनी थांबा, प्रत्येकीला २५-३० लिटर पाणी, कोरडा चारा, आणि दिवसातून दोनदा धार. धार चुकवली की पोचेपर्यंत दगडी झालेलीच असते. उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ सावलीत. गुजरात सीमेवरून अच्छाडमार्गे तलासरीत शिरल्यावर मनोर-वाडा रस्ता किंवा पुढे चिंचोटी-अंजूरफाटा, यांपैकी कुठे कोंडी कमी आहे ते आधी विचारून घ्या. घोडबंदरच्या कोंडीत भर दुपारी उभी राहिलेली गाडी हा म्हशींसाठी सगळ्यात वाईट टप्पा असतो.

उतरवल्यावर

पहिले दोन तास फक्त पाणी, त्यात मूठभर मीठ आणि गूळ. मग कोरडा चारा. आंबोण दुसऱ्या दिवशी थोडं आणि आठवडाभरात वाढवत न्या. तिकडे ती गव्हाच्या भुशावर वाढलेली असते, इथे भाताचा पेंढा मिळतो. एकदम बदललात तर रवंथ थांबतो. पूर्ण दुधावर आली की देखभालीला दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो आंबोण, सोबत २०-२५ किलो हिरवी वैरण. कोकणच्या दमट हवेत दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी हवं, पंखे हवेत.

नव्या म्हशी किमान २१ दिवस, जमलं तर ३०, जुन्या दावणीपासून लांब. त्यांची धार शेवटी काढा, बादल्या वेगळ्या. रोज सकाळी ताप पाहा. ताप येऊन-जाऊन राहिला आणि म्हैस झपाट्याने खंगली तर रक्त तपासा. प्रवासाच्या ताणाने सर्रा, हा रक्तातल्या परजीवीचा आजार, डोकं वर काढतो. पहिल्या आठवड्यात दूध चौथ्या हिश्शाने कमी असेल तर घाबरू नका. तिसरा आठवडा उलटूनही ते चढलं नाही तर सौद्यात फसलात किंवा आजार आहे, डॉक्टर बोलवा.

गोठ्यातल्या विम्यासाठी कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकाचा किमतीचा दाखला लागतो. बहुतेक पॉलिसींत पहिले १५ दिवस आजाराने मृत्यू झाला तर भरपाई नसते, म्हणून म्हैस गाडीतून उतरवल्याच्या दिवशीच संपणारा वाहतुकीचा विमा घेऊ नका. भरपाई मागताना बिल्ल्यासह कान दाखवावा लागतो. बिल्ला पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवून नवा लावा आणि तो क्रमांक विमा कंपनीला लेखी द्या. ‘भारत पशुधन’वर मालक म्हणून तुमचं नाव चढवून घेणंही याच आठवड्यात उरका, नाहीतर पुढे हीच म्हैस विकताना कागदावर ती अजून हरियाणातच असते.